न पडणारा म्हातारा

“मग मी करायचं तरी काय होतं, वस्ताद? येईल त्याची पाठ थोपटत बसायचं होतं?”

सन्मतीनं हे तालमीच्या दारातूनच विचारलं. रामराम नाही, की बसू का नाही. पायांत बूट तसेच.

दस्तगीर वस्ताद हौदा खणत होते. बाहत्तर वर्षांचा माणूस, उजव्या गुडघ्याला पट्टा, हातात खोरं. कुस्तीची लाल माती वरखाली करायची, ढेकळं फोडायची, वरून ताक आणि हळद टाकायची. संध्याकाळी पोरं यायच्या आत हे काम ते रोज स्वतः करतात.

“बूट,” ते म्हणाले.

सन्मतीनं बूट काढले. तेही रागानंच. एक बूट भिंतीला जाऊन लागला.

मी मागं उभी होते. मी पद्मजा. सन्मती मगदूम आणि मी मिळून इचलकरंजीत गेमचा स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हणजे मागाच्या शेडवरची एक खोली. खाली माग खटखटतात, वर आम्ही गेम बनवतो. आवाज रेकॉर्ड करायचा झाला तर वीज जायची वाट बघायची आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर उरकून घ्यायचं.

त्या दिवशी पाच वाजता हे सगळं बंद पडणार होतं. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि ती मी सन्मतीच्या हातात ठेवून चालू लागणार होते. तसं त्याला सकाळीच सांगितलं होतं. त्यावर हा गडी म्हणाला, “चल वस्तादांकडं. कोण बरोबर आहे ते तेच सांगतील.”

म्हटलं, चल. एकदा होऊनच जाऊ दे.

“झालं काय?” वस्तादांनी खोरं न थांबवता विचारलं.

“गेम काढला, वस्ताद. कुस्तीचा. चार वर्षं घातली. आणि लोक काय म्हणतात माहितीये? अवघड आहे म्हणतात.” तो हसला, पण हसण्यात हसू नव्हतं. “कुस्ती अवघड आहे म्हणतात. मग पत्ते कुटायचे होते की घरी बसून.”

“शंभरातले एक्क्याण्णव जण पहिल्याच कुस्तीत गेम बंद करतात,” मी म्हणाले.

“कच्चे आहेत ते.”

“एक्क्याण्णव?”

“एक्क्याण्णवच्या एक्क्याण्णव.”

आता हे ऐकून माणसाला राग येईल की नाही, सांगा.

गेमचं नाव ‘हौदा’. गावच्या तालमीतला एक पोरगा तयार होतो आणि मग गावोगावच्या जत्रांत कुस्त्या मारत फिरतो, असा तो गेम. जत्रा अकरा आहेत. आमचा चित्रकार बसवराज, त्यानं एकेक जत्रा तीन-तीन महिने बसून काढली. पाळणे, पालं, बत्ताशांचे ढीग, हलगीवाला, कुस्ती दिसावी म्हणून झाडावर चढून बसलेली माणसं. एका जत्रेत त्यानं स्वतःच्या आजोबांना पानाच्या दुकानावर बसवलं होतं.

पण जत्रेला पोचायचं तर आधी तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादाला पाडावं लागतं. आणि तो म्हातारा काही पडत नाही. एकवीस वेळा खेळा, एकवीस वेळा तुमचीच पाठ लागते.

सन्मती म्हणतो पडतो. त्याच्या हातून पडतो की. चार वर्षं रोज त्याच त्या म्हाताऱ्याशी झुंजलाय, झोपेतही पाडेल. स्वतःच्या हाताला जड जाईल अशी त्यानं कुस्ती बेतली आणि वर तोंड करून म्हणाला, आता जमलं.

मागच्या आठवड्यात बसवराज पुण्याला नोकरीला गेला. जाताना एवढंच म्हणाला, “पद्मा, माझी जत्रा कुणी बघितलीच नाही गं.”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

“ह्यानं लोकांना काय उत्तरं लिहिली ते विचारा, वस्ताद,” मी म्हणाले. “लोक लिहितात, आठव्यांदा हरलो, काय चुकतंय तेच कळत नाही. हा खाली लिहितो, आधी दूध पिऊन या. एकाला नाही, सगळ्यांना. कॉलेजातल्या एका मुलीनं बिचारीनं पानभर लिहिलं होतं. म्हाताऱ्याचा पायच मिळत नाही, पाय मिळाल्याशिवाय पट कसा काढायचा, एवढं तरी सांगा म्हणाली. तिलाही तेच. दूध पिऊन या.”

वस्तादांनी एक ढेकूळ खोऱ्याच्या पाठीनं फोडलं.

“आणि हिनं काय केलं ते हिला विचारा,” सन्मती म्हणाला. “म्हाताऱ्याला ढिला केला हिनं. माझ्या मागं. चोरून.”

“चोरून नाही. सांगून केला. दोन महिने खपून केला.”

“ढिला केला की नाही?”

“ढिला म्हंजी कसा?” वस्ताद माझ्याकडं वळले. “आत ये की पोरी. उंबऱ्यात का उभी? चपला तेवढ्या बाहेर ठेव.”

मी आत गेले. मातीचा ओला वास होता, ताकाचा आंबूस वास त्यात मिसळलेला. मी सांगितलं. “खेळणारा पाच-सहा वेळा हरला की म्हातारा डावा पाय जरासा पुढं ठेवतो. अर्धाच सेकंद. ज्यानं डाव शिकलाय त्यालाच तो पाय सापडतो. नुसती बटणं बडवणाऱ्याला तेव्हाही सापडत नाही. आणि खेळणाऱ्याला यातलं काही सांगायचं नाही.”

खोरं थांबलं.

“अर्धाच का?” वस्तादांनी विचारलं. “चांगला एक का न्हाई?”

“एक ठेवून बघितला. मग कळतं, वस्ताद. आपल्याला दिलं, हे माणसाला लगेच कळतं. मग तो जिंकला तरी पुन्हा खेळत नाही.”

“हं…” वस्ताद म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

“फसवणूक आहे ही,” सन्मती म्हणाला. “शुद्ध फसवणूक. खोटा विजय. मी काढून टाकला तो भाग.”

दोन महिन्यांचं काम. मला न विचारता, एका बटणावर. सकाळी येऊन बघते तर नाहीच. वर मला म्हणाला, पद्मा, तत्त्वाचा प्रश्न आहे. याच्या तत्त्वाच्या…जाऊ दे.

“मला कुणी सोपं करून दिलं होतं का, वस्ताद?” सन्मतीचा आवाज आता चढला होता. “सांगा तुम्हीच. अकरा वर्षांचा होतो मी. ह्याच हौद्यात. तुम्हाला पाडलं होतं की नाही? एक पाय ओढून, एकेरी पटावर?”

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. कॉलेजात भाषणाला बोलावलं की हीच गोष्ट. पाहुणा आला की हीच गोष्ट. आमच्या वेबसाइटवर पहिलं वाक्य हेच आहे, अकराव्या वर्षी आपल्या वस्तादांना अस्मान दाखवणाऱ्या सन्मती मगदूमचा स्टुडिओ. मी तिथं कुठंच नाही, पण तो विषय वेगळा.

“पाडलं हुतंस,” वस्ताद म्हणाले.

“ऐकलंस?” तो माझ्याकडं वळून म्हणाला.

“ऐकलं.”

“दाव तुझा खेळ,” वस्ताद म्हणाले.

कट्ट्यावर लॅपटॉप उघडला. वस्तादांनी हात धोतराला पुसले आणि खेळायचं हँडल दोन्ही हातांत धरलं. त्या पंज्यात ते काडेपेटीएवढं दिसत होतं. पडद्यावर तालीम आली, हौदा आला, आणि हौद्यात मिशीवाला म्हातारा येऊन उभा राहिला.

वस्ताद हरले. परत हरले. तिसऱ्यांदा सलामी झाली आणि लगेच हरले.

सन्मती त्यांच्या खांद्यावरून वाकून सांगत होता. “डावीकडचं दाबा. आत्ता नको… आता. हां, नाही, उशीर झाला. आधी खांद्याला भिडा, मग खाली जा.”

“गड्या,” वस्ताद मान न वळवता म्हणाले, “ज्यांनी ज्यांनी घेतलाय ह्यो खेळ, त्या सगळ्यांच्या घरी जाऊन असाच मागं हुबा ऱ्हाणार हायस व्हय?”

सन्मती दोन पावलं मागं सरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वस्ताद आणखी सहा वेळा हरले. मग त्यांनी हँडल कट्ट्यावर ठेवलं आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडं बोट केलं.

“ह्यो मी हाय व्हय?”

“तुम्हीच. मिशा बघा की.”

“मिशा बऱ्या हायत. पर ह्यो म्हातारा पडत का न्हाई?”

“कारण तुम्ही पडत नव्हता, वस्ताद.” सन्मती हे मोठ्या अभिमानानं म्हणाला.

वस्तादांचा चेहरा बदलला. मी त्यांना तोवर चिडलेलं बघितलं नव्हतं.

“कुणी सांगितलं तुला? पन्नास वर्सं ह्या मातीत पडालोय मी. रोज. ईस-ईस पोरांच्या अंगाखाली. आणि तू मला असला ठोंब्या करून ठिवलास? चार गावच्या लोकांम्होरं? ह्यो वस्ताद न्हवं, लेका. ह्यो मैलाचा दगड हाय, येईल त्याला ठेच लागावी म्हणून रोवलेला.”

“ते बारक्या पोरांना खेळवताना हो,” सन्मती म्हणाला. “ती काय कुस्ती? माझी गोष्ट वेगळी होती.”

“येगळी?”

“वेगळीच की. ती खरी होती.”

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले… बाहेर कुठंतरी टेम्पो मागं घेतल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी धोतर वर खोचलं.

“उतर हौद्यात,” ते म्हणाले.

“वस्ताद, तुमचं वय…”

“माझं वय मी बघतो. तू तुझं बघ.”

सन्मतीनं शर्ट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. चौतीस वर्षांचा, ऐंशी किलोचा माणूस, पण गेली कित्येक वर्षं खुर्चीतून उठलेला नाही. वस्तादांनी चिमूटभर माती त्याच्या खांद्यावर टाकली, चिमूटभर आपल्या. हात पुढं केला. हाताला हात लागला, सलामी झाली.

मला भीती वाटत होती. म्हातारं माणूस, गुडघ्याला पट्टा. काही कमी-जास्त झालं म्हणजे? पण वस्तादांना अडवणार कोण.

सन्मती बेतानं भिडला.

“दार ढकलालायस व्हय?” वस्ताद म्हणाले.

तो जरा जोरानं भिडला. वस्ताद हलले नाहीत. त्यांनी त्याला पाडलं नाही, डाव टाकला नाही, काही केलं नाही. नुसते उभे. मग सन्मतीला चेव आला. त्यानं मानेला हात घातला, खाली वाकला, पायाला हात टाकला. पाय तिथं नव्हता. पुन्हा टाकला. पुन्हा नव्हता. तिसऱ्यांदा तो सगळ्या अंगानिशी गेला आणि गुडघ्यांवर मातीत आला.

“ऊठ.”

उठला. परत गेला. परत मातीत. त्याला धाप लागली होती, पाठीला लाल माती चिकटली होती. सहाव्या वेळेला तो भडकला.

“तुम्ही पायच देत नाही, वस्ताद. पाय मागं धरून ठेवलाय तुम्ही. पाय मिळाल्याशिवाय पट कसा काढायचा?”

त्या कॉलेजच्या मुलीनं लिहिलं होतं तेच. शब्दाला शब्द.

“दूध पिऊन ये,” वस्ताद म्हणाले.

मी तोंडावर ओढणी धरली. सन्मतीचे कान लाल झाले. पण तो हौद्याबाहेर आला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. तो उभा राहिला, श्वास घेतला, आणि पुन्हा हात पुढं केला.

सलामी झाली. दोघं एकमेकांच्या खांद्याला भिडले. एक फेरी, दुसरी फेरी. वस्तादांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

आणि मला दिसलं.

वस्तादांचा डावा पाय चार बोटं पुढं आला. अंगात काही फरक नाही, नजरेत नाही, खांद्यावरची पकड तेवढीच घट्ट. नुसता पाय, चार बोटं. अर्धा सेकंद. दोन महिने मी त्याच अर्ध्या सेकंदाशी झगडले होते, आणि माझा म्हातारा इतका सुंदर पाय ठेवत नव्हता.

सन्मतीचा हात आपोआप खाली गेला. त्यानं काही विचार केलाच नाही. पट निघाला, आणि बाहत्तर वर्षांचे दस्तगीर वस्ताद उताणे मातीत पडले. धप्पकन आवाज झाला, माती उडाली.

सन्मतीचा चेहरा उजळला. अगदी अकरा वर्षांच्या पोराचा झाला. पण तेवढ्यापुरताच. मग त्याची नजर वस्तादांच्या डाव्या पायाकडं गेली, पाय जिथं आला होता त्या खुणेकडं गेली, आणि तिथंच राहिली.

वस्ताद हाताचा टेकू घेत उठले. गुडघ्याचा पट्टा सारखा केला. माती झाडली.

“पाय…” सन्मती म्हणाला.

वस्ताद माती झाडत होते.

“त्या दिवशी… पाय असाच होता?”

वस्तादांनी खांद्यावरची माती पुसली.

“तेवीस वर्षं, वस्ताद. तेवीस वर्षं मी सांगत फिरलो. कुणासमोर सांगितलं नाही विचारा. माझ्याकडं दुसरं होतं काय? नापास झालो तेव्हा तेच आठवलं. घरच्यांनी गेम बनवतो म्हणून बोलणं टाकलं तेव्हा तेच आठवलं.” त्याचा आवाज फाटला. “फसवलंत तुम्ही मला.”

“आत्ता पट कुणी काढला?”

“मी.”

“आणि तवा?”

“…मीच.”

“मग फसवलं कुणी कुणाला?”

सन्मती मातीत बसला. तसाच, मांडी घालून. वस्तादांनी कोपऱ्यातलं खोरं उचललं आणि जिथं ते पडले होते तिथली माती सारखी करायला लागले.

पाचला दहा मिनिटं कमी होती. माझा हात पर्समधल्या किल्लीवर होता.

“पद्मा,” सन्मती म्हणाला. माझ्याकडं न बघता. “ते तू केलेलं… कुठं ठेवलंयस का?”

“ठेवलंय. प्रत आहे माझ्याकडं.”

“चुकलं माझं. तुला विचारायला पाहिजे होतं.”

चार वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मी किल्ली सोडली. म्हटलं, असू दे. माणूस आहे. बसवराजला संध्याकाळी फोन करावा. त्या मुलीला उत्तर लिहावं.

सन्मती उठला, हात झटकले, शर्ट खांद्यावर टाकला. आता तो पुन्हा स्टुडिओचा मालक दिसायला लागला होता.

“मग आज रात्रीच परत घालून टाक की,” तो म्हणाला. “पाय तर पुढं करायचाय. पाच मिनिटांचं काम.”

मी किल्ली पुन्हा धरली.

पण मी तोंड उघडायच्या आतच हौद्यात खोरं आपटलं.

“पाच मिन्टं?” वस्ताद म्हणाले. “लेका, तुला पाडायला मला अर्धं मिनिट लई झालं असतं. तुला कळू न देता तसं पडायला तवा तीन म्हयने लागले मला.”